खटला चालू असतानाच त्यावर माहितीपट आला, तर त्यात गैर काय?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

खऱ्या गुन्ह्यांवरील माहितीपटांचा प्रेक्षकवर्ग अलीकडे इतका वाढला आहे की आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर काय लावायचे, यावर फारसा वादच होत नाही. मी स्वतः हे माहितीपट आवडीने पाहतो, तेव्हा हा प्रश्न कोणाला उपदेश करण्यासाठी विचारलेला नाही, हे आधीच सांगतो.

शीना बोरा हत्याप्रकरणावरची मालिका 2024 च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर येणार होती, तेव्हा सीबीआयने तिच्या प्रदर्शनाला हरकत घेतली. मुंबईतील विशेष न्यायालयाने ती हरकत मान्य केली नाही. उच्च न्यायालयाने मात्र काही दिवस प्रदर्शन थांबवले, न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि तिच्यात खटल्याला बाधक असे काही नसल्याचे सांगून 29 फेब्रुवारीला वाट मोकळी करून दिली. हत्या 2012 ची, अटक 2015 ची, मालिका 2024 ची, आणि खटल्यातील अनेक साक्षीदारांची तपासणी तेव्हाही बाकीच होती.

माझ्या मनात दोन शंका आहेत. आपल्याकडे ज्युरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी) नाही, निकाल शिकलेसवरलेले न्यायाधीश देतात. मग प्रेक्षकांचे मत काहीही झाले तरी आरोपीचे नेमके काय बिघडते? आणि न्यायालय जर कायद्यानेच सर्वांना खुले आहे, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज जर आपण मोबाइलवर पाहू शकतो, तर खून खटल्याचे थेट प्रक्षेपण करून या माहितीपटांची गरजच का संपवू नये? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

साधा वकील

मी सत्र न्यायालयात फौजदारी कामे करतो, बहुतेक आरोपींच्या वतीने. त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला कलणार हे वाचणाऱ्याने गृहीत धरलेलेच बरे.

न्यायालय खुले आहे ही गोष्ट खरी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 327, आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 366, असे सांगते की जेथे खटला चालतो ती जागा खुली समजावी आणि सोयीने मावतील तेवढ्या लोकांना तेथे येता यावे. परंतु या खुलेपणाचा हेतू करमणूक हा कधीच नव्हता; सत्तेने बंद दाराआड कोणाला शिक्षा करू नये, यासाठी तो आहे. 1908 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा लोकांचे कान तिकडे लागले होते ते सरकार काय करते आहे हे कळावे म्हणून. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक केलेले भाषण लोकांपर्यंत पोहोचले, ज्युरीतील सात जणांनी दोषी आणि दोघांनी निर्दोष म्हटल्याचेही पोहोचले, आणि त्यावरून त्या न्यायाची किंमत लोकांनी स्वतः ठरवली. आजच्या माहितीपटात ही नजर सरकारवरून उठून आरोपीवर जाऊन बसलेली असते, आणि तपास यंत्रणेचा अधिकारी बहुतेक वेळा सूत्रधार म्हणून खुर्चीत बसून गोष्ट सांगत असतो.

आता थेट प्रक्षेपणाविषयी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठांचे कामकाज दिसू लागले; त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेतील फुटीचे प्रकरण बोर्डावर असल्यामुळे महाराष्ट्रात ते पुष्कळांनी पाहिले. तेथे जे दिसते तो वकिलांचा कायद्यावरचा युक्तिवाद असतो, तेथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहत नाही. थेट प्रक्षेपणासाठी जे नमुना नियम केले गेले, त्यांत लैंगिक गुन्हे, वैवाहिक वाद, बालकांसंबंधीची प्रकरणे वगळली आहेत आणि त्यांच्याबरोबर साक्ष नोंदवणे व उलटतपासणी हेही वगळले आहे. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सत्र खटल्यात ज्यांची साक्ष व्हायची आहे त्यांना बाहेर बसवतात. तिसऱ्या साक्षीदाराला उलटतपासणीत कोठे कोंडीत पकडले हे सातव्या साक्षीदाराला आधी कळले, तर तो आपली गोष्ट तेवढ्या जागी शिवून घेऊन आत येतो. प्रक्षेपण सुरू केले तर त्याला बाहेर बसवण्याला काही अर्थच उरत नाही.

यातच तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे. न्यायाधीश माहितीपट पाहून बदलणार नाही असे आपण घटकाभर मान्य करू, जरी तोही त्याच गावात राहतो आणि त्याच्या घरीही टीव्ही असतो. साक्षीदाराचे काय? अटक केलेल्या माणसाला पोलीस बुरखा घालून का आणतात, याचा विचार करा. ओळख परेडमध्ये साक्षीदाराने त्याला ओळखले, तर ते घटनेच्या वेळी पाहिलेल्या चेहऱ्यावरून ओळखायला हवे, वाहिनीवर पाहिलेल्या फोटोवरून नव्हे. एकदा फोटो सर्वत्र झळकला की परेड झाली काय आणि न झाली काय, बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि कित्येकदा त्या एका प्रश्नावर खरा गुन्हेगारही सुटतो. प्रसिद्धीमुळे नुकसान आरोपीचेच होते असे जे आपण धरून चालतो ते अर्धेच खरे आहे, फिर्यादी पक्षालाही तिची झळ पोहोचते.

दुसरी बाब कबुलीजबाबाची. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. परंतु 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' ही बातमी अटकेच्या दुसऱ्या दिवशी येते. जी गोष्ट न्यायाधीशाला वाचताही येऊ नये अशी कायद्याची इच्छा आहे, ती आपण सर्वांनी चहाबरोबर वाचलेली असते, आणि पुढे माफीचा साक्षीदार (माफीच्या बदल्यात साक्ष देणारा साथीदार) फिरला किंवा पंच फितूर झाले आणि संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडले, की आपण न्यायालयालाच दोष देतो.

पेठकर

वकीलसाहेबांचे म्हणणे पटते, पण हे सारे नवे आहे असा जो सूर प्रश्नात आहे तो मला मान्य नाही.

मुंबईत 12 जानेवारी 1925 रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूरचा दरबार सोडून आलेल्या नर्तकी मुमताज बेगमला पळवून नेण्यासाठी झालेल्या त्या हल्ल्याचे धागे इंदूरच्या दरबारापर्यंत जातात असे दिसू लागले आणि महिनोन्महिने वर्तमानपत्रांना दुसरा विषय राहिला नाही. आरोपींपैकी एकाच्या बचावाला बॅरिस्टर जिना होते, आणि पुढच्याच वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. नौदलातील कमांडर नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, तेव्हा तर 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने उघडपणे आरोपीची बाजू घेतली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाई आणि रस्त्यावर फेरीवाले 'नानावटी रिव्हॉल्वर' म्हणून खेळणी विकत असत. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, न्यायाधीश मेहता यांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ती कायम केली, आणि शेवटी 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. म्हणजे लोकमताने ज्युरीपुढे मिळवलेले न्यायालयात गमावले, आणि राजभवनातून ते परत मिळाले. (ज्युरीपुढे चाललेला हा देशातील शेवटचा खटला असे सर्रास लिहिले जाते, ते खरे नाही, काही ठिकाणी ही पद्धत पुढेही चालू होती आणि 1973 च्या संहितेत ती पूर्णपणे गेली.)

आमच्या पुण्यात 1976-77 मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांड झाले, त्या वेळी संध्याकाळी रस्ते ओस पडत. दहा खून, आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार, आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी. त्या खटल्यात लोकांनी रस घेतला तो केवळ चवीने घेतला असे मी म्हणू शकत नाही. आपल्याच ओळखीच्या वाड्यात, बंगल्यात हे कसे घडू शकले, दार कोणाला उघडायचे आणि कोणाला नाही, हे समजून घेण्याची ती धडपड होती. आजही जी माणसे असे माहितीपट पाहतात, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, त्यांच्या पाहण्यात हा भाग असतोच. सरसकट विकृती म्हणून त्यांची बोळवण करू नये.

संकलक

मी माहितीपटांच्या संकलनाचे काम करतो. गुन्ह्यांवरचे कामही केले आहे, कोणते ते सांगत नाही.

प्रेक्षकाला वाटते की त्याला पुरावा दाखवला जात आहे. आमच्या हाती प्रत्यक्षात काय असते? बोलायला तयार झालेली माणसे. ज्याने नकार दिला त्याची बाजू काळ्या पडद्यावर एका ओळीत येते: 'अमुक यांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला.' वाचणाऱ्याला तो नकार अपराधी वाटतो, वास्तविक त्या माणसाला त्याच्या वकिलाने गप्प राहायला सांगितलेले असते, आणि तो सल्ला योग्यच असतो. न्यायालयात आरोपीच्या मौनावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येत नाही. आमच्या टेबलावर मौन म्हणजे तयार नाट्य असते. त्यात नाट्यरूपांतराची दृश्ये मिसळली, की चार महिन्यांनी प्रेक्षकाला विचारा, दिव्याखाली चाकू धुणारा हात त्याने खरा पाहिला की आम्ही चित्रित केलेला, त्याला सांगता येणार नाही.

आणखी एक अडचण लांबीची आहे. भागाच्या शेवटी प्रेक्षक पुढच्या भागावर गेला पाहिजे, म्हणून तिसऱ्या मिनिटाला ठाऊक असलेली माहिती आम्ही चाळिसाव्या मिनिटापर्यंत राखून ठेवतो, आणि मधल्या काळात कोणा निरपराध माणसावर संशयाची सावली पडत असेल तर पडू देतो. शेवटी ती दूर करतो, हे खरे. पण सगळेच शेवटपर्यंत पाहतात असे नाही.

नीलमोहर

संकलक यांनी आतली बाजू इतक्या स्पष्टपणे लिहिली त्याबद्दल आभार. तरीही मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण या चर्चेचा रोख 'लोकांनी न्यायालयाबाहेर बोलू नये' याकडे वळू लागला आहे, आणि तो धोकादायक आहे.

1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1978 मध्ये पोलीस निर्दोष सुटले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून संमती असावी, असा तो तर्क होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यावरून देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तेव्हा लोकांनी न्यायालयाच्या निकालावर बोलणे हे न्यायाच्या विरोधात नसते, पुष्कळदा त्याशिवाय न्याय पुढे सरकतच नाही.

आता यातली मेख अशी की त्याच 1983 च्या दुरुस्तीने बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद दाराआड करण्याचा नियम आणला आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवला. ज्यांनी एवढा जाहीर गदारोळ केला, त्याच चळवळीला ही दोन दारे लावून घ्यावीशी वाटली, आणि मला त्यात काहीही विसंगती दिसत नाही. त्या चौघांनी काय केले ते पाहा. निकाल अंतिम झालेला होता, त्यांनी निकालपत्र समोर ठेवून त्यातील तर्कावर बोट ठेवले. कोणाच्या तोंडून नवी कहाणी वदवून घेतली नाही, त्या मुलीला कुठे उभे केले नाही.

याउलट 2008 चे नोएडातील आरुषी प्रकरण आठवा. पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन मृत मुलीच्या चारित्र्याविषयी अनुमाने मांडली. ती चौदा वर्षांचीही नव्हती. पुढे 2013 मध्ये आईवडिलांना शिक्षा झाली, 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, या सगळ्यावर मनोरंजनही निघाले, पण त्या पत्रकार परिषदेतील वाक्ये मागे घेण्याची कोणतीही प्रक्रिया अस्तित्वात नाही. म्हणून माझा राग माहितीपट काढणाऱ्यांवर कमी आणि चौकशीच्या पहिल्या दिवसापासून बातमी पुरवणाऱ्या यंत्रणेवर अधिक आहे. माहितीपट हा उशिरा येणारा पाहुणा आहे.

टेम्सतीर

इंग्लंडमधील स्थिती थोडक्यात सांगतो, कारण येथे राहणाऱ्या मराठी मंडळींमध्येही हा विषय निघतो. येथे न्यायालयात छायाचित्रण करण्यास 1925 च्या कायद्याने बंदी आहे. 2022 पासून फौजदारी न्यायालयात कॅमेरा आला, पण तो फक्त शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशावर रोखलेला असतो. साक्षीदार, ज्युरी, पीडित यांच्यापैकी कोणीही दिसत नाही. शिवाय 1981 च्या न्यायालय-अवमान कायद्याप्रमाणे अटक झाल्या क्षणापासून वर्तमानपत्रांना सांभाळून लिहावे लागते. अमेरिकेत याच्या अगदी उलट आहे, 1995 चा माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरील खुनाचा खटला घराघरांत दिसला. सिम्पसन खटल्यातील ज्युरीला महिनोन्महिने हॉटेलात बंद करून ठेवावे लागले होते, म्हणजे खुलेपणाची किंमत बारा सामान्य माणसांनी मोजली.

साधा वकील

टेम्सतीर यांनी अटकेच्या क्षणाचा उल्लेख केला ते फार बरे झाले, कारण आपल्या कायद्यात नेमकी तेथेच फट आहे. आपल्या 1971 च्या अवमान कायद्यानुसार फौजदारी प्रकरण 'प्रलंबित' मानले जाते ते दोषारोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयाने समन्स वा वॉरंट काढल्यावर. म्हणजे ज्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक गवगवा होतो, तो काळ बहुतेक वेळा बाहेरच राहतो.

सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर 2020 मध्ये वाहिन्यांनी जे केले, त्यावरील याचिकांत मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी निकाल दिला. साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या साक्षीचे मोल ठरवू नये, घटनेचे काल्पनिक चित्रण करू नये, पोलिसांपुढील कबुली पुरावा असल्यासारखी मांडू नये, मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवू नये, अशी बंधने त्यात सांगितली आहेत. दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक असल्याचेही म्हटले, मात्र कारवाई केली नाही. निकाल चांगला आहे, पण ज्या प्रकरणात तो आला त्यात अटक झालेल्यांना त्याचा काहीही उपयोग झाला नाही. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला तो 2025 मध्ये.

नीलमोहर यांच्या यंत्रणेवरील रोखाशी मी पूर्ण सहमत आहे. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली ही गोष्ट अजूनही लोक सांगतात. ती आपण रचलेली होती, आरोपीविषयी निर्माण होणारी सहानुभूती रोखण्यासाठी तसे केले, असे विशेष सरकारी वकिलांनी 2015 मध्ये जयपूरच्या एका परिषदेत स्वतःच सांगितले. त्या खटल्यात पुरावा इतका भक्कम होता की बिर्याणीची गरज नव्हती, आणि मला खटकते ते हेच: गरज नसतानाही न्यायालयाच्या पायरीवर असे बोलता येते, आणि त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

शीना बोरा मालिकेवर बंदी घातली नाही हे मात्र मला योग्य वाटते. सीबीआयने हरकत घेतली तेव्हा अटकेपासूनची साडेआठ वर्षे जाऊन चुकली होती आणि त्या काळात प्रकरणातील प्रत्येक तपशील तपास यंत्रणांकडूनच बाहेर आलेला होता. खटला अंतिम होईपर्यंत थांबा असे म्हणायचे, तर खटला तरी मुदतीत संपवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सहारा प्रकरणात जो मार्ग सांगितला, म्हणजे खरा आणि मोठा धोका दिसत असेल तर प्रसिद्धी ठरावीक काळापुरती पुढे ढकलावी, तो मला पुरेसा वाटतो. त्याची बीजे मुंबईतच आहेत: 'ब्लिट्झ'विरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला होता आणि 1966 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो उचलून धरला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले, तेही वाचण्यासारखे आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. साक्ष नोंदवण्याचे प्रक्षेपण का नको हे आता नीट कळले, आणि संकलक यांचा प्रतिसाद वाचल्यापासून काळ्या पडद्यावरच्या त्या ओळीकडे मी वेगळ्या नजरेने पाहीन. एकच विचारायचे राहिले. माहितीपट पाहून झाल्यावर एखाद्याला मूळ प्रकरण तपासून पाहायचे असेल, तर वकील नसलेल्या माणसाने सुरुवात कोठून करावी?

साधा वकील

निकाल लागलेला असेल तर निकालपत्रापासून. जिल्हा न्यायालयांची बरीच निकालपत्रे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या क्रमांकाने मिळतात, आणि आपल्या राज्यात ती अनेकदा मराठीतच असतात. पहिली काही पाने फिर्यादी पक्षाच्या कहाणीची असतात. माहितीपट बहुधा तेवढ्यावरच उभा असतो, म्हणून ती भराभर वाचून पुढे जा. नंतर 'मुद्दे' आणि 'निष्कर्ष' असा दोन रकान्यांचा तक्ता येतो. त्यातील प्रत्येक मुद्द्यापुढे होकारार्थी किंवा नकारार्थी लिहिलेले असते. जेथे नकारार्थी आहे तो मुद्दा धरा आणि त्याची कारणमीमांसा शोधून वाचा; कोणता पंच फितूर झाला, मुद्देमालाचे सील कोठे तुटले, जबाब नोंदवायला किती दिवस लागले, हे सगळे तेथे असते. खटला चालू असेल तर मात्र कागद मिळणार नाहीत. अशा वेळी तारीख पाहून न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे. बंद दाराआडची सुनावणी नसेल तर कोणी अडवत नाही, फक्त मोबाइल बंद ठेवावा लागतो. बहुतेक दिवशी साक्षीदार आलेला नसतो आणि पुढची तारीख पडते.